जुनी तार आणि सपाट तार

गाणं ऐकताना आपलं लक्ष आधी गाणाऱ्याकडे जातं, मग शब्दांकडे, मग मधल्या बासरीच्या नाहीतर व्हायोलिनच्या तुकड्याकडे. बेस गिटारकडे ते सहसा जात नाही. त्यात गैर काही नाही. घर बघायला आलेला पाहुणा काही पायाची चौकशी करत नाही. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून बेसची पट्टी खाली ओढली, की तेच गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. काय गेलं ते मात्र चटकन सांगता येत नाही.

मी हे वाद्य बरीच वर्षं वाजवतो आणि शिकवतोही. शिकायला येणारी मुलं पहिल्या वर्षभरात एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, माझ्या तारा आता जुन्या झाल्यात. आवाज छान मऊ झालाय, अगदी जुन्या रेकॉर्डसारखा. मग याच ठेवू, की फ्लॅटवाउंड घालू?" वरवर पाहिलं तर हा दुकानात उभं राहून सोडवायचा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या वाद्याचं काय काय झालं, ते समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आज ती हकिगत सांगायची आहे.

आधी तार म्हणजे काय ते पाहू. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. स्वर खाली खर्जात न्यायचा, तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. लांबीला माणसाच्या हाताची मर्यादा आहे. सैल केली तर तार लटपटते. राहता राहिलं वजन. पण नुसती जाड सळई ताणली तर ती ताठ होते, आणि ताठ तारेतून निघणारे वरचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. यावर युरोपातल्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडगा काढला. आतड्यापासून केलेल्या तातेवर धातूची बारीक तार गुंडाळायची. गाभा लवचीक राहतो आणि वजन बाहेरच्या गुंडाळणीत येतं. लंडनचे संगीत-प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी १६६४ साली अशा तारांचा उल्लेख केलेला आहे. साडेतीनशे वर्षं उलटून गेली, तरी तत्त्व तेच आहे.

बेस गिटारच्या तारेत गाभा पोलादाचा असतो. त्यावर गुंडाळलेली तार गोल असेल, तर ती राउंडवाउंड. तिच्यावरून नख ओढलं तर करवतीवरून ओढल्यासारखं खरखरतं, कारण प्रत्येक वेढ्याच्या मध्ये एक खाच असते. गुंडाळणीसाठी गोल तारेऐवजी चपटी फीत वापरली, तर ती फ्लॅटवाउंड. वेढे एकमेकांना चिकटून बसतात आणि तार हाताला गुळगुळीत लागते. नवी राउंडवाउंड तार लखलखीत बोलते. तिच्यात उपस्वर भरपूर असतात, आस लांब असते. पियानोच्या खालच्या पट्ट्या आठवाव्यात. फ्लॅटवाउंडचा आवाज गोल आणि गंभीर. स्वर ठाम उमटतो आणि लवकर मिटतो. बोट सरकताना राउंडवाउंडवर जी 'चुंई' ऐकू येते, तीही इथे नसते.

आता १९५१ सालात जाऊ. तोपर्यंत नाचगाण्याच्या आणि जॅझच्या वाद्यवृंदात खर्ज सांभाळायचा तो डबल बेसनं. माणसाहून उंच असं हे लाकडी वाद्य उभं धरून बोटांनी छेडायचं. त्याच्या तारा बहुधा तातेच्याच असत. आवाज ऊबदार, पण तुतारी-ट्रम्पेटांच्या गर्दीत तो हरवायचा. शिवाय ते धूड गाडीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडणं म्हणजे शिक्षाच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता वाद्यं बनवू लागलेले लिओ फेंडर यांनी त्या वर्षी एक गिटारसारखं आडवं, विजेवर चालणारं वाद्य बाजारात आणलं. तारा चारच, डबल बेससारख्याच मिळवलेल्या. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी ३४ इंच. मानेवर फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे. त्यामुळे स्वर नेमका जागेवर लागायचा. म्हणून नावही 'प्रिसिजन बेस'. अशी कल्पना आधी कुणाला सुचली नव्हती असं नाही. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच पडदे असलेला विजेचा बेस तयार केला होता. पण लोकांच्या हातात गेला तो फेंडरचा.

या नव्या वाद्याकडून अपेक्षा जुन्याच वाद्याची होती. डबल बेस वाजवणाऱ्याला हलकं काहीतरी हवं होतं, वेगळा आवाज नको होता. म्हणून पहिली दहा-पंधरा वर्षं या वाद्यावर सपाट तारांचंच राज्य होतं. फेंडर कंपनी घोडीवर जे धातूचं झाकण बसवायची, त्याच्या आत तारांची आस दाबायला मऊ गादीही असे. स्वर उमटावा आणि लगेच बाजूला व्हावा, हीच त्या काळची रीत. ध्वनिवर्धकही बेताचे होते. सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ४१. एवढा खोल स्वर जोरात वाजवायची ताकद त्या काळच्या स्पीकरांत नव्हती.

या सपाट तारांवर ज्यांनी इतिहास घडवला त्यांचं नाव जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातला. पुढे डेट्रॉइटला आले, शाळेत डबल बेस शिकले. १९५९ साली त्याच शहरात मोटाउन नावाची रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता, आणि तिथे वाजवणाऱ्या वादकांत जेमरसन होते. १९६०च्या दशकात मोटाउनची जी गाणी अमेरिकाभर गाजली, त्यांतल्या बहुसंख्य गाण्यांचा खर्ज त्यांचा आहे. त्यांचा बेस १९६२चा प्रिसिजन. तारा ला बेला कंपनीच्या सपाट, आणि जाडजूड. सर्वांत खालची एक इंचाच्या एकशेदहा सहस्रांश जाडीची. उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट ते वापरायचे. डबल बेसची सवय. तारा पट्टीपासून उंच ठेवलेल्या, घोडीखाली स्पंज. आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्या मळक्या तारांतच आपल्या वाजवण्याची गंमत आहे, असं ते मानत.

ही शेवटची गोष्ट जगभर पसरली. बेस शिकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते: "जेमरसन कधीच तारा बदलत नसत." पण सांगतासांगता तिच्यातला एक शब्द गळून पडतो, आणि तो शब्द आहे 'सपाट'. त्यांच्या जुन्या तारा म्हणजे जुन्या सपाट तारा होत्या. मुलांच्या प्रश्नाचा निम्मा गुंता इथेच आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी अटलांटिक ओलांडून लंडनला जावं लागतं. तिथे 'द हू' या चमूत जॉन एंटविसल बेस वाजवायचे. त्यांचं दुखणं जेमरसन यांच्या अगदी उलट. बाजूला शंभर वॉटचे ध्वनिवर्धक लावून गिटार कडाडते आहे, मागे ढोल-ताशांचा कल्लोळ वाटावा असा ड्रमर आहे. या गदारोळात गोल, गंभीर खर्ज कुणाला ऐकू जाणार? एंटविसलना बेसवर एकल वादन करायचं होतं. १९६५ सालच्या 'माय जनरेशन'मध्ये त्यांना ती संधी मिळाली. त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेली हकिगत मजेशीर आहे. डॅनेलेक्ट्रो या अमेरिकी बेसवर बारीक, झणझणीत राउंडवाउंड तारा असायच्या आणि त्यांना तोच आवाज हवा होता. पण तार तुटायची, आणि सुटी तार लंडनमध्ये कुठेच मिळेना. मग तारेसाठी आख्खा नवा बेस विकत घ्यायचा! असे तीन घेऊन झाले. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि फेंडरच्या बेसवर ते गाणं मुद्रित केलं.

इथे जेम्स हाउ नावाचे इंग्रज गृहस्थ गोष्टीत येतात. १९४९च्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटातलं झिथरवादन ऐकून ते त्या वाद्याच्या प्रेमात पडले आणि तारा तयार करायच्या यंत्रांच्या मागे लागले, असं सांगतात. त्यांच्या कंपनीचं नाव रोटोसाउंड. १९६६ साली एंटविसल त्यांच्याकडे गेले. हव्या तशा तारा हाती येईपर्यंत दोघांनी मिळून खटपट केली. खालच्या दोन जाड तारांनीही पियानोसारखं स्वच्छ बोलावं, ही त्यातली खरी कसोटी होती. त्यातून 'स्विंग बेस' ही राउंडवाउंड तार जन्माला आली. ती आजही त्याच नावानं मिळते.

पुढच्या दहा वर्षांत बेसचा चेहरामोहराच बदलला. 'येस' या चमूचे ख्रिस स्क्वायर राउंडवाउंड तारा घालून बेस असा वाजवू लागले, की तो गिटारीच्या खांद्याला खांदा लावून चालायचा. अमेरिकेत जॅको पास्टोरियस यांनी तर पडदे नसलेल्या बेसवर राउंडवाउंड तारा चढवल्या. त्या खरखरीत तारा पट्टीचं लाकूड कानशीसारखं खाऊन टाकतात. म्हणून त्यांनी पट्टीवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर चढवला. १९७६ साली त्यांची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड आली, आणि बेस गायकासारखा गाऊ शकतो हे लोकांना कळलं. १९७०चं दशक संपेपर्यंत कारखान्यातून येणाऱ्या नव्या बेसवर राउंडवाउंड तारा असणं सर्रास झालं होतं. सपाट तारा मागे पडल्या. त्या म्हाताऱ्यांच्या, असं पोरं म्हणू लागली.

म्हणजे बघा, हा नुसता धातूच्या गोल किंवा चपट्या पट्टीचा प्रश्न नव्हता. बेस वाजवणाऱ्यानं गाण्यात कुठे उभं राहायचं, याबद्दलची ही दोन मतं होती. एक म्हणतं, मी जाणवलो पाहिजे, दिसलो नाही तरी चालेल. दुसरं म्हणतं, मीही बोलणार आहे. दोन्ही मतांत मोठे वादक होऊन गेले.

आता तार जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. राउंडवाउंडच्या प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये खाच असते, हे मघाशी सांगितलं. वाजवताना बोटांचा घाम, तेल, त्वचेचा कोंडा त्या खाचांत जाऊन बसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याला गंजाची साथ मिळते. वेढे एकमेकांवर मोकळेपणानं हलेनासे होतात, आणि कंपनातली वरची, बारीक हालचाल आतल्या आत जिरून जाते. म्हणून चकाकी आधी मरते. इथवर ठीक. पण मळ सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे बोटं जास्त पडतात, त्या पहिल्या पाच-सात पडद्यांवर तो जास्त साठतो. त्यातच पडद्यांवर आपटून आपटून तारेच्या खालच्या अंगाला चपटे खड्डे पडतात. याचा अर्थ, तारेचं वजन लांबीभर एकसारखं राहत नाही. आणि ज्या तारेचं वजन एकसारखं नाही, तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुपटी-तिपटीत बसत नाहीत. तार कणसूर होते. मोकळी मिळवली तर बरोबर, वरच्या पडद्यावर दाबली तर किंचित चढी किंवा उतरी. वादक मग खुंट्या पिळत बसतो आणि दोष वाद्याला देतो.

सपाट तारही जुनी होते, नाही असं नाही. नवी असताना तिच्यातही थोडी धातूची चमक असते. काही आठवड्यांत ती जाते. पण तिला खाचा जवळजवळ नसल्यानं मळ वरच राहतो आणि फडक्यानं पुसता येतो. पडद्याशी गाठ पडते ती रुंद फितीची, त्यामुळे खड्डेही उशिरा पडतात. एकदा आवाज स्थिरावला, की वर्षानुवर्षं तो फारसा ढळत नाही. जेमरसन यांचा शिरस्ता निभावला तो यामुळे.

मला मुलांना जे सांगायचं असतं ते एवढंच आहे. सपाट तारेचा मऊपणा तिच्या घडणीतून येतो, जुन्या राउंडवाउंडचा मऊपणा तिच्या झिजेतून. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, विशेषतः घरी एकट्यानं वाजवताना. पण घडणीतून आलेली गोष्ट टिकते, झिजेतून आलेली पुढेही झिजतच राहते. आज तुम्हाला आवडणारा आवाज ही त्या उतरणीवरची एक पायरी असते. पुढच्या महिन्यात तार आणखी खाली गेलेली असते.

उलट बाजूनंही पाहा. सपाट तार म्हणजे मऊ आवाज, हे समीकरणही पुरतं खरं नाही. लंडनच्या 'आयर्न मेडन'चे स्टीव्ह हॅरिस जोरकस, कडकडीत बेससाठी प्रसिद्ध आहेत. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो आवाज अनेकांनी प्रत्यक्ष ऐकला. त्या बेसवर असतात रोटोसाउंडच्या सपाट तारा. फरक इतकाच, की ते कार्यक्रमागणिक नव्या कोऱ्या तारा चढवतात. एकाच जातीची तार. जेमरसन तुटेपर्यंत ठेवायचे आणि हॅरिस एका रात्रीत बदलतात. आवाज ठरवताना तारेची जात आणि तारेचं वय हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे मात्र हा हिशेब बराच काळ वेगळ्याच कारणानं ठरत होता. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आधी डबल बेस होता, मग हळूहळू बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे त्यातलं मोठं नाव. या वादकांत गोव्याची मंडळी पुष्कळ होती. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेली पिढी ती. १९९१ पूर्वीच्या आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी तारा मिळणं अवघड आणि महाग. कुणी नातेवाईक आखातातून नाहीतर विलायतेतून आला, तर त्याच्या पेटीतून तारांची पाकिटं यायची. आमच्यासारखे स्टेजवरच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे मग एकच उपाय करायचे. तारा काढायच्या, वेटोळं करून पातेल्यात घालायच्या आणि पाणी दहा मिनिटं खळखळा उकळायचं. खाचांतला मळ पाण्यात उतरतो, तार कोरडी करून पुन्हा चढवली की दोन-चार कार्यक्रम ती नव्यासारखी बोलते. मग पुन्हा मुकी. उकळल्यानं मळ जातो. पडलेले खड्डे काही भरून येत नाहीत. शिवाय दर वेळी काढताना-घालताना गाभ्यावरची गुंडाळणी सैल होते. चार-पाच उकळ्यांनंतर ती तार कपडे वाळत घालायलाच उपयोगी.

त्या काळी मऊ आवाज ही आमची निवड नव्हती, ती परिस्थिती होती. आज तशी परिस्थिती नाही. दोन्ही जातींच्या तारा घरबसल्या मागवता येतात. सपाट तारांना साधारण दीड-दोनपट पैसे पडतात. पण त्या टिकतात इतक्या, की अखेरीस त्याच स्वस्त पडाव्यात. निवड करता येते, तर ती समजून करावी.

ती कशी करायची? पहिली गोष्ट, जुनी तार सुरात आहे की नाही ते तपासा. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा. घंटेसारखा उपस्वर निघेल. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही स्वर तंतोतंत जुळायला हवेत. घोडी नीट लावूनही ते जुळत नसतील, तर त्या तारेचा मऊपणा कितीही गोड लागो, तिला निरोप द्यावा. दोन्ही जुळत असतील आणि आवाज तुमच्या गाण्याला शोभत असेल, तर खुशाल ठेवा. अर्धी झिजलेली राउंडवाउंड तार ही स्वतःची अशी चांगली चीज आहे. तिच्यात चकाकीची धार नसते, पण स्वराची कड शाबूत असते. कित्येक वादक नव्या तारा आधी थोडे दिवस घरी वाजवून मुरवतात आणि मगच ध्वनिमुद्रणाला जातात.

दुसरी गोष्ट, एकट्यानं ठरवू नका. चमूबरोबर वाजवून ठरवा. घरात गोड लागणारा गोल आवाज दोन गिटारी आणि कीबोर्डच्या गर्दीत नाहीसा होऊ शकतो. आणि घरात कर्कश वाटणारी नवी तार तिथेच नेमकी शोभते. जमलं तर ध्वनिमुद्रण छोट्या स्पीकरवरही ऐका. ४१ कंपनांचा मूळ स्वर रेडिओच्या किंवा मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून नीट बाहेर पडतच नाही. आपल्याला ८२, १२३ असे वरचे उपस्वर ऐकू येतात आणि खालचा स्वर मेंदू आपणहून भरून काढतो. उपस्वर फारच मेलेले असतील, तर मेंदूला धागाच सापडत नाही. मोटाउनचे तंत्रज्ञ मुद्रण झालेलं गाणं मोटारीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघत, ते उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट हाताची आणि वाद्याची. त्याच जाडीच्या सपाट तारा बहुधा जास्त ताणाच्या असतात. त्या चढवल्यावर वाद्याची मान किंचित वाकते आणि आतली सळई फिरवून ती सरळ करून घ्यावी लागते. व्हिएन्नाच्या टोमास्टिक कंपनीच्या तारांसारखे कमी ताणाचे अपवाद आहेत. ज्यांना दोन्हींच्या मधलं हवं, त्यांच्यासाठी गोल गुंडाळून वरून घासून सपाट केलेल्या तारा मिळतात, नायलॉनची फीत गुंडाळलेल्या काळ्या ताराही मिळतात. आणि तुम्हाला खरोखर तो साठच्या दशकातला ठाम, मिटता खर्जच हवा असेल, तर राउंडवाउंड जुनी होण्याची वाट बघत बसू नका. सपाट तारा घाला, घोडीखाली स्पंजचा तुकडा ठेवा, आणि मग मात्र त्यांना हात लावू नका. त्यांना खुशाल म्हातारं होऊ द्या.

जाता जाता पुन्हा जेमरसन यांच्याकडे वळतो, कारण या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. मोटाउनच्या रेकॉर्डांवर वादकांची नावं छापली जात नसत. १९७१ साली मार्विन गे यांची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही रेकॉर्ड आली, तेव्हा कुठे जेमरसन यांचं नाव छापलं गेलं. तोवर जगानं त्यांचा खर्ज दहा वर्षं ऐकलेला होता. पुढच्याच वर्षी कंपनीनं आपलं बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. जेमरसनही तिकडे गेले, पण तिथल्या स्टुडिओंना एव्हाना नवा, चकाकता आवाज हवा होता. १९८३च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. त्यात ते स्टेजवर नव्हते. तिकीट काढून वरच्या गॅलरीत बसले होते. त्याच उन्हाळ्यात त्यांचा तो १९६२चा बेस चोरीला गेला, आणि काही दिवसांतच, २ ऑगस्टला, ते वारले. वय अवघं ४७. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्यांचा सन्मान केला.

आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत, वाजवणाऱ्यांची नसत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईच्या या वादकांना भेटून, त्यांच्या आठवणी गोळा करून २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. पडद्यामागची ती माणसं तोवर आपल्याला ठाऊकच नव्हती. जाणवावं पण दिसू नये, हा सपाट तारेचा स्वभाव वादकानं आपणहून पत्करला तर ती त्याची कला. त्याचं नावही दिसू नये, असं दुसऱ्या कुणी ठरवलं तर तो अन्याय. या दोहोंतला फरक आपण ऐकणाऱ्यांनी ओळखायला हवा.

तेव्हा आज रविवार आहे, थोडी सवड असेल. १९७०च्या दशकातलं तुमच्या आवडीचं एखादं गाणं लावा. शब्द पाठ आहेतच. ते बाजूला ठेवा. सर्वांत खालचा स्वर पकडा आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा. तार गोल होती की सपाट, नवी होती की जुनी, याचा अंदाज दोन-तीनदा ऐकल्यावर बांधता येईल. आणि मग तो कुणी वाजवलाय, हे शोधून काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)